मॅट्रिकच्या आधी, बारावीच्या नंतर

रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांचं लग्न १८७१ साली झालं आणि मॅट्रिकची परीक्षा ते त्यानंतर, १८७२ साली पास झाले. दापोली तालुक्यातल्या मुरुडचे धोंडो केशव कर्वे पंधराव्या वर्षी बोहल्यावर चढले तेव्हा नवरी राधाबाई आठ वर्षांची होती. कर्व्यांची मॅट्रिक झाली १८८१ मध्ये, म्हणजे लग्नानंतर सात-आठ वर्षांनी. त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यातल्या शिकणाऱ्या घरांतही क्रम असाच होता: आधी अक्षता, मग परीक्षा. शिक्षण लग्नाच्या आड येत नव्हतं, कारण शिकायचं मुलग्याने आणि नांदायला जायचं मुलीने. नवरा शाळकरी असला तरी त्याचा संसार थोरल्यांच्या स्वयंपाकघरात मिसळून जायचा.

रत्नागिरी शहरात रत्नदुर्गाच्या पायथ्याशी, मांडवीच्या शेजारी मिरकरवाडा आहे. तिथल्या मच्छीमार घरांत मॅट्रिकचा प्रश्नच नव्हता. गाव सोडून लांब जायला लागत होतं म्हणून तिथली मुलं शिकली नाहीत, असं म्हणता येणार नाही. सरकारी हायस्कूल चालत जाण्याच्या अंतरावर होतं. कोकणातल्या शिक्षणाची गोष्ट सांगताना आपण डोंगर, व्हाळ आणि पायवाटा पुढे करतो. मिरकरवाड्यापुरती ती सबब चालत नाही. इथे आड आली ती घरातल्या कामाची वाटणी. होडी किनाऱ्याला लागली की मासळी उतरवायची, निवडायची, सुकवायची, पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. हे सगळं बायकांचं काम, आणि आई जेट्टीवर गेली की पाठची भावंडं सांभाळायला थोरली मुलगी घरात हवी. दहा-अकरा वर्षांच्या त्या मुलीने शाळेत जाणं म्हणजे एका बाईचा रोज बुडणं. शाळेत न गेलेल्या मुलीला मोठी झाल्यावर घरी का ठेवायची, याचं उत्तर कोणाकडे नव्हतं. मग लग्न लवकर, आणि वर्ष-दीड वर्षात पाळणा.

कायदे मात्र एकामागून एक येत राहिले. १८९१च्या संमतीवयाच्या कायद्याने बारा वर्षांची मर्यादा घातली. टिळकांनी परक्या सरकारच्या ढवळाढवळीला विरोध केला, हे सर्वांना ठाऊक आहे. कमी आठवलं जातं ते हे, की सुधारकांना अडचणीत पकडण्यासाठी का होईना, त्यांनीच उलट सूचना मांडली होती: ज्यांना सुधारणा हवी त्यांनी मुलीचं सोळाच्या आत आणि मुलाचं वीसच्या आत लग्न करणार नाही, अशी स्वतःवर बंधनं घालून घ्यावीत. सरकारच्या बारापेक्षा हा आकडा कितीतरी पुढचा होता. पुढे १९२९चा सारडा कायदा आला. मुलीला चौदा, मुलाला अठरा. कायदा मंजूर झाला सप्टेंबरात आणि लागू व्हायचा होता १ एप्रिल १९३०ला. मधल्या सहा महिन्यांत देशभर लोकांनी घाईघाईने पोरासोरांची लग्नं उरकून घेतली आणि १९३१च्या जनगणनेत विवाहित मुलांचा आकडा फुगला. लग्नाचं वय वाढवणाऱ्या कायद्याने काही लाख मुलांचं वय तेवढ्यापुरतं खाली ओढलं! स्वातंत्र्यानंतर १९४९ला चौदाचे पंधरा झाले, १९७८ला पंधराचे अठरा आणि मुलाचे एकवीस.

या सगळ्यात कर्वे पितापुत्रांनी जे केलं ते मला जास्त कामाचं वाटतं. धोंडो केशवांनी पहिल्या पत्नीच्या निधनानंतर १८९३ मध्ये विधवेशी लग्न केलं, १८९६ला विधवांसाठी आश्रम काढला, आणि १९०७ला महिला विद्यालय सुरू केलं ते कुमारिकांसाठी. विधवा झालेल्या मुलीला शिकवून सावरण्यापेक्षा शिकणाऱ्या मुलीचं लग्न लांबवावं, हा त्यामागचा सरळ हिशेब होता. १९१६ला त्यातूनच महिला विद्यापीठ उभं राहिलं. मुलगा रघुनाथ त्याच्याही पुढे गेला. गणिताचे हे प्राध्यापक १९२१ला मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढून बसले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवत राहिले. त्यापायी नोकरी गेली, खटले झाले. बापाने लग्न पुढे ढकलण्याची सोय केली आणि मुलाने मूल पुढे ढकलण्याची. कोकणाने यातली पहिली गोष्ट उचलली. दुसरी अजून पुरती उचललेली नाही. त्याकडे पुढे येतो.

मिरकरवाड्यात पाणी हललं ते गेल्या चाळीसेक वर्षांत, आणि एका कारणाने नाही. होड्यांना इंजिनं बसली, ट्रॉलर आले, मग पर्ससीन जाळी आली. मासळीचा व्यापार वाढला, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत मत्स्यप्रक्रियेचे कारखाने उभे राहिले. दुसरीकडे कोकणी मुसलमान घरांतले पुरुष आधी जहाजांवर आणि नंतर आखातात गेले. नवरा कुवेतला किंवा दुबईला असला की बँकेत ड्राफ्ट भरणं, फॉर्मवर सही करणं, पत्र वाचणं, मुलाचा दाखला काढणं हे सगळं घरातल्या बाईवर आलं. अंगठ्यावर भागेना. 'सुनेला लिहिता-वाचता यायला हवं' ही अट त्या गरजेतून आली. त्यात राज्य सरकारने मुलींचं शालेय शिक्षण फुकट केलं, एसटीचा पास फुकट झाला, गावातल्या उर्दू आणि मराठी शाळांत मुलींचे वर्ग भरू लागले. अट आधी चौथीची होती, मग सातवीची, मग दहावीची. प्रत्येक अटीने लग्न दोन-तीन वर्षांनी सरकलं.

शाळा नेमकं काय करते? ती मुलीला शहाणी करते, हक्क शिकवते वगैरे आपण भाषणात म्हणतो आणि ते खोटं नाही. पण मोहल्ल्यात तिचा पहिला उपयोग फार साधा असतो: शाळेत जाणाऱ्या मुलीच्या बापाला स्थळ परतवायला मानाचं कारण मिळतं. 'मुलगी शिकतेय अजून' म्हटलं की समोरचा दुखावत नाही, नातं तुटत नाही, आणि चार बायका कुजबुजत नाहीत. घरी बसलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला असं संरक्षण नसतं. म्हणून दहावी नापास होणं किंवा अकरावीला प्रवेश न मिळणं मुलीच्या बाबतीत फार महाग पडतं. निकालाच्या महिन्यात नुसता टक्का ठरत नाही, पुढच्या मे महिन्यात मांडव पडणार की नाही हेही ठरतं.

बांगलादेशाने हे तत्त्व ओळखून १९९४ पासून ग्रामीण भागातल्या माध्यमिक शाळेतल्या मुलींना विद्यावेतन दिलं. अटी तीन होत्या: हजेरी, गुण आणि अविवाहित राहणं. आपल्याकडच्या 'लेक लाडकी' योजनेतही जन्मापासून टप्प्याटप्प्याने पैसे मिळतात आणि एकूण १ लाख १ हजारातले ७५ हजार हातात पडतात ते मुलगी अठरा वर्षांची झाल्यावर. कल्पना तीच, मुलीच्या वाट पाहण्याला किंमत द्यायची.

आकडेही हेच सांगतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शाळेत कधीच न गेलेल्या भारतीय बायकांचं लग्नाचं मध्यम वय सतराच्या आसपास निघालं, बारावी किंवा पुढे शिकलेल्यांचं तेविसाच्या जवळ. सहा वर्षांचा फरक! महाराष्ट्रात वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी सुमारे २२ टक्क्यांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. परभणीत हे प्रमाण ४८ टक्के, बीडमध्ये ४३च्या पुढे. तिथून ऊसतोडीला निघालेलं जोडपं वयात येणाऱ्या मुलीला कोणाच्या भरवशावर मागे ठेवणार? तिथे शाळा सहा महिने सुटते आणि लग्न जवळ येतं. कोकणातला पुरुष मुंबईला एकटा गेला, बायको-मुलं गावात राहिली, म्हणून मुलांची शाळा सुटली नाही. २०११च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, त्याचंही कारण हेच स्थलांतर. चाकरमान्यांवर आपण पुष्कळ विनोद केले, पण त्यांच्या मनीऑर्डरींनी मुलींच्या शाळा चालू ठेवल्या याचं श्रेय त्यांना कोणी देत नाही.

आता रघुनाथरावांच्या अपुऱ्या कामाकडे. शिक्षणाने लग्न पुढे नेलं, पण लग्न आणि पहिलं मूल यांतलं अंतर फारसं वाढलेलं नाही. त्याच सर्वेक्षणात लग्नाचं मध्यम वय एकोणिसाच्या आसपास आणि पहिल्या बाळंतपणाचं एकविसाच्या आसपास आहे. म्हणजे सरासरी दोन वर्षं. पदवीधर मुलगी चोविसाव्या वर्षी बोहल्यावर चढली तरी लग्नाच्या दुसऱ्या वाढदिवसाआधी 'काही आहे का?' हा प्रश्न तिला गाठतोच, मग ती मिरकरवाड्यात असो की डोंबिवलीत. तिच्या शिक्षणाचा परिणाम दिसतो तो नंतर. दुसऱ्या मुलानंतर ती थांबते, दवाखान्यात बाळंत होते, लस चुकवत नाही. त्याच सर्वेक्षणात महाराष्ट्राचा एकूण प्रजनन दर १.७ निघाला. १९५४ साली इंदिराबाई हळब्यांनी देवरुखला मातृमंदिर सुरू केलं तेव्हा जिल्ह्यातल्या बाळंतपणांना घरातली काळोखी खोली आणि सुईण एवढाच आधार असे. तिथून इथवर मजल मोठी आहे. पण पहिलं मूल कधी, हा निर्णय आजही बहुतेक घरांत जोडप्याचा नसतो. शाळा सासूच्या प्रश्नाला उत्तर द्यायला शिकवत नाही.

या सगळ्याची एक उलटी बाजूही रत्नागिरीत दिसते. २००१ ते २०११ मध्ये जिल्ह्याची लोकसंख्या जवळपास पाच टक्क्यांनी घटली, १६ लाख १५ हजारांवर आली. त्यात स्थलांतराचा वाटा मोठा, पण कमी झालेल्या पाळण्यांचाही आहे. ज्या जिल्हा परिषदेच्या शाळांनी मुलींची लग्नं लांबवली, त्यांच्यातल्या कित्येकांचा पट आज विसाच्या खाली आहे आणि त्या बंद करायच्या गोष्टी चालतात.

मिरकरवाड्यातली आजची गाठ मात्र मुलींपाशी नाही, मुलग्यांपाशी आहे. बहीण बारावी करून कॉलेजला जाते. भाऊ नववी-दहावीत बोटीवर जातो. ज्या घरची बोट आहे त्या घरच्या मुलाला हिशेब, जाळं, डिझेल, लिलाव हे पंधराव्या वर्षीच कळू लागतं आणि हातात पैसा खेळतो, मग वर्गात बसवतं कोणाला? आखातात जायचं म्हणून दहावीचं सर्टिफिकेट तेवढं लागतं, कारण दहावी पास असला की पासपोर्टवर परदेशी नोकरीसाठीच्या तपासणीचा शिक्का लागत नाही. त्यापुढे शिकण्याचं कारण उरत नाही. बालकामगार कायद्यात २०१६च्या दुरुस्तीनंतरही शाळा सुटल्यावर कुटुंबाच्या धंद्यात मदत करायला मुभा आहे, फक्त ते काम धोक्याचं नसावं. रात्रीचा समुद्र धोक्याचा की नाही, हे ठरवायला कोणी जेट्टीवर येत नाही.

पूर्वी हे खपून जाई, कारण बोटीचा मुलगा म्हणजे खात्रीचं स्थळ. पण ५ फेब्रुवारी २०१६च्या शासन आदेशाने पर्ससीनची मासेमारी सप्टेंबर ते डिसेंबर एवढीच ठेवली. जून-जुलैची पावसाळी बंदी आहेच. वादळं वाढली, डिझेल महागलं, खलाशी नेपाळहून आणावे लागतात. मुलीकडचे आता विचारतात की उरलेले महिने काय करणार? शिकलेल्या मुलीला नोकरीवाला हवा, आणि तिशी गाठलेले बोटीवरचे मुलगे थांबून आहेत. 'मुली शिकल्या नि डोक्यावर बसल्या' हे वाक्य त्यामुळे चहाच्या टपरीपासून लग्नाच्या बैठकीपर्यंत ऐकू येतं. हा कांगावा आहे. मुलीने तिला घातलेली अट पाळली, सातवीची दहावी आणि दहावीची बारावी केली. मुलग्याला कोणी अट घातलीच नाही.

मुलींचं लग्नाचं वय अठरावरून एकवीस करणारं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं आणि २०२४ला लोकसभा विसर्जित झाली तेव्हा ते बारगळलं. मला त्याचं दुःख नाही. ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ठराविक गटांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली; त्याने त्या विधेयकापेक्षा जास्त लग्नं पुढे जातील. राहिलं मुलग्यांचं. ते दिल्लीला किंवा मंत्रालयाला जमणार नाही. मच्छीमार सोसायट्या, बोटींचे मालक आणि मोहल्ल्यातल्या जमातींनी एकच ठराव करावा: बारावी झाल्याशिवाय कोणत्याही मुलाला, मालकाच्या मुलालाही, बोटीवर घ्यायचं नाही. दर वर्षी १ ऑगस्टला हंगाम उघडतो. पुढच्या हंगामापासून सुरुवात करायला हरकत नाही.