घारापुरीला जायचंय? सोमवार सोडून जा!

सुगी उरकली की आपल्याकडे सहलीचे बेत निघतात. मुंबईला जाणार असाल तर एक दिवस घारापुरी बेटासाठी राखून ठेवा. मात्र सोमवारी जाऊ नका. लेणी त्या दिवशी बंद असतात. पहिल्या खेपेला आम्ही तीच चूक केली. गावातली बावीस माणसं घेऊन गेटवेला पोचलो आणि समुद्राचा वारा खाऊन परत आलो. चूक माझीच, चौकशी न करता तारीख ठरवली होती.

दुसऱ्या खेपेला बुधवारी गेलो. गेटवेपासून बेट साधारण दहा किलोमीटर, लाँचने तासाभराचा प्रवास. बसल्याबरोबर लाइफ जॅकेट मागून घ्या आणि अंगात घाला. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळून माणसं दगावली. 'आपल्याला काय होतंय' हा बाणा पाण्यावर चालत नाही.

बेट उरण तालुक्यात, म्हणजे रायगड जिल्ह्यात येतं. शेतबंदर, राजबंदर आणि मोराबंदर अशा तीन वस्त्या, आणि कारभाराला ग्रामपंचायत. येणाऱ्या पर्यटकांकडून ती कर घेते. आपल्या भागात जत्रा-यात्रा भरणारी गावं आहेत, तिथल्या सरपंच-ग्रामसेवकांनी हे मुद्दाम पाहून यावं.

धक्क्यावरून चालत गेलं की शंभरावर पायऱ्या लागतात. दोन्ही बाजूंना दुकानं. हातातली पिशवी सांभाळा, माकडं हिसकावून नेतात. वर लेण्यात सुमारे वीस फूट उंचीची तीन मुखांची सदाशिव मूर्ती आहे. तिच्यापुढे आमची बडबडी मंडळीसुद्धा गप्प झाली. लेणी दीड हजार वर्षांच्या आसपासची. १९८७ साली त्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला.

पण आमच्यातल्या एका म्हाताऱ्या बाबांचं लक्ष भलतीकडंच. मला म्हणाले, "सायेब, चौफेर खारं पाणी. ही कोरणारी माणसं प्यायची काय वो?" मी त्यांना लेण्यालगतची खडकात कोरलेली टाकी दाखवली. डोंगरावर पडणारा पाऊस तिथंच अडवून साठवायचा, एवढीच युक्ती. बाबा बराच वेळ काठावर उभे राहिले. मग म्हणाले, "आन् आपण टँकरची वाट बघतो."

खरं सांगतो, पाणलोटावर मी आजवर किती भाषणं ठोकली असतील, पण त्या एका वाक्याची सर कशालाच नाही.

आणखी एक गोष्ट. समोर मुंबईचा झगमगाट, पण या बेटावर कायमची वीज आली ती थेट फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर केबल टाकून. तोवर संध्याकाळी काही तास जनरेटर चाले. जगभरचे पाहुणे दिवसा येऊन जात आणि गावकरी अंधारात राहत. पर्यटन आलं म्हणजे गाव आपोआप सुधारतं, असं समजणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. गावाला मागणी लावून धरावीच लागते.

जाणाऱ्यांनी चार गोष्टी पाळा. सकाळची बोट धरा. परतीची शेवटची बोट किती वाजता, ते उतरतानाच विचारा. बेटावर पर्यटकांना मुक्काम करता येत नाही. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी. प्लास्टिक तिथं टाकू नका. पावसाळ्यात हवा बिघडली की बोटी बंद राहतात, तेव्हा हिवाळाच बरा.

परतल्यावर बाबांनी ग्रामसभेत गावतळ्याच्या गाळाचा विषय काढला. तीन वर्षं तो कागदावरच होता. काढलेला गाळ ज्याने त्याने आपल्या खर्चाने शेतात न्यायचा, असं ठरलं. पंधरा जणांनी नावं दिली आहेत. पहिलं नाव बाबांचं. तळं अजून कोरडंच आहे, पण पावसाच्या आत काम उरकायचंय. तुमच्या गावच्या तळ्यात गाळ किती साचलाय, तेवढं एकदा बघून या.