मूर्ती नॅनो, कीर्ती महान!

औषध कितीही जालीम असलं, तरी ते नेमक्या जागी पोचलं तर उपयोग. हे पोचवायचं काम आता नॅनोकण करू लागले आहेत. नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड, तर हे कण बहुतेक शंभराच्या आगेमागे. औषध पोचवण्यात आणि इतरत्रही त्यांनी गाजवलेले हे काही पराक्रम.

गुलाबी रेघ सोन्याची!
घरच्या घरी करायच्या गर्भचाचणीच्या पट्टीवर उमटणारी रेघ बहुधा सोन्याची असते. सोन्याचे कण इतके बारीक झाले की ते हिरवा प्रकाश शोषतात आणि लाल दिसतात. पट्टीतल्या कणांवर प्रतिपिंडं चिकटवलेली असतात. लघवीत एचसीजी हे संप्रेरक असलं, की कण त्याला धरतात, त्याच्यासह पट्टीवर पुढे सरकतात आणि रेघेपाशी अडकतात. मायकेल फॅरेडेने १८५७ मध्ये अभ्यासलेल्या अशा लाल सोन्याच्या काही बाटल्या लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये आजही जपून ठेवल्या आहेत.

पहिला मान डॉक्सिलचा
डॉक्सोरुबिसिन हे केमोचं लालभडक औषध. ते घेतल्यावर एक-दोन दिवस लघवीलाही लाली येते. कर्करोगावर प्रभावी, पण हृदयाला जड. इस्रायलमध्ये येहेझ्केल बारेनहोल्झ आणि अल्बर्टो गॅबिझॉन यांनी ते मेदाच्या इवल्याशा पिशव्यांत, म्हणजे लायपोसोममध्ये भरलं. शरीराच्या पहारेकरी पेशींनी पिशव्या लगेच गिळू नयेत म्हणून वरून पॉलिमरचं आवरण चढवलं. १९९५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं हे पहिलं नॅनो-औषध. हृदयावरचा ताण कमी झाला; तळहात-तळपायांची आग मात्र नव्याने मागे लागली.

मुंबईचा माल अमेरिकेत
२०१२ मध्ये अमेरिकेत डॉक्सिलचा तुटवडा पडला. तेव्हा तिथल्या एफडीए या औषध नियामक संस्थेने मुंबईच्या सन फार्माचं लिपोडॉक्स हे तशाच प्रकारचं औषध आयात करायला तात्पुरती परवानगी दिली.

केईएमची कामगिरी
ॲम्फोटेरिसिन-बी बुरशीवर रामबाण, पण मूत्रपिंडांना घातक. त्याला लायपोसोममध्ये बसवलं की हा त्रास बराच कमी होतो. असं देशी औषध रुग्णांपर्यंत आणण्यात मुंबईच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मोठा वाटा. २०२१ मध्ये म्युकरमायकोसिस या बुरशीच्या आजाराच्या रुग्णांचे नातेवाईक ज्या इंजेक्शनसाठी दारोदार फिरत होते, ते याच प्रकारचं लायपोसोमल ॲम्फोटेरिसिन.

आंबट लागलं की कामाला लागतं
फायझर आणि मॉडर्नाच्या कोविड लशीतला एमआरएनए मेदाच्या नॅनोकणांत गुंडाळलेला असतो. या कणांतला एक खास मेद रक्तात शांत असतो. पेशीने कण आत ओढला, की तो आम्लयुक्त कप्प्यात पोचतो. तिथे मेदावर धन विद्युतभार येतो, कप्प्याचं आवरण फुटतं आणि एमआरएनए बाहेर पडतो. मेदाची हीच युक्ती २०१८ मध्ये ऑनपॅट्रो या औषधात आधी वापरली गेली होती. फायझरची लस सुरुवातीला उणे ७० अंशांच्या आसपास ठेवावी लागे. पुण्याच्या जेनोव्हाने एमआरएनए लस २ ते ८ अंशांत टिकेल अशी बनवली आणि २०२२ मध्ये तिला आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली.

एक इंजेक्शन, दोन कामं
फेरुमॉक्सिटॉल हे आयर्न ऑक्साइडचे नॅनोकण. अमेरिकेत २००९ मध्ये मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या रक्तक्षयासाठी त्याला मान्यता मिळाली. पण लोह चुंबकाला प्रतिसाद देतं, त्यामुळे एमआरआयमध्ये रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणूनही डॉक्टर ते वापरू लागले. रक्तक्षयासाठी ते घेतलं असेल, तर पुढचे तीन महिने एमआरआयच्या चित्रावर परिणाम होऊ शकतो. म्हणून रेडिओलॉजिस्टना आधी सांगायलाच हवं.

मेंदूच्या उपचाराआधी दाताचं फिलिंग काढा!
बर्लिनमधल्या एका कंपनीच्या उपचाराला २०१० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. मेंदूतल्या गाठीत आयर्न ऑक्साइडचे कण सोडायचे आणि सेकंदाला सुमारे एक लाख वेळा दिशा बदलणारं चुंबकीय क्षेत्र लावायचं. कण तापतात आणि गाठ आतून भाजून निघते. जवळपासचा धातूही तापतो, म्हणून दातांतलं धातूचं फिलिंग आधी काढावं लागे.

आकार बदला, रंग बदलेल
क्वांटम डॉट म्हणजे अर्धवाहकाचा नॅनोकण. तो लहान असेल तर निळा उजेड देतो, मोठा असेल तर लाल. त्यामुळे प्रयोगशाळेत एकाच पेशीचे वेगवेगळे भाग वेगवेगळ्या रंगांत पाहता येतात. बावेंडी, ब्रुस आणि एकिमोव्ह यांना क्वांटम डॉटवरच्या कामासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. पण अनेक क्वांटम डॉटमध्ये विषारी कॅडमियम असतं, म्हणून ते रुग्णाला टोचायला शास्त्रज्ञ धजत नाहीत.

शंभरात एकही नाही
टोरांटो विद्यापीठाच्या वॉरन चॅन यांच्या गटाने २०१६ मध्ये आधीच्या दहा वर्षांतले प्रयोग तपासले. प्राण्यांना टोचलेल्या नॅनोकणांपैकी कर्करोगाच्या गाठीपर्यंत पोचणाऱ्यांचं मध्यक प्रमाण भरलं अवघं ०.७ टक्के. बरेचसे कण यकृत आणि प्लीहेतच अडकतात. म्हणून नॅनोच्या नावावर कुणी चमत्कार विकत असेल, तर सावध राहा. पण नाउमेदही होऊ नका. या कणांनी हृदयं वाचवली, मूत्रपिंडं वाचवली. उपचार सोसताना रुग्णाचं उरलेलं शरीर सांभाळणं, ही त्यांची आजवरची सर्वांत मोठी कमाई आहे, आणि आजारी माणसाच्या दृष्टीने ती मुळीच लहान नाही.