रॉबी कीन: एकच स्ट्रायकर कुठे चालला, कुठे नाही?

आजचा एपिसोड आयर्लंडच्या रॉबी कीनवर. आयएसएल बघणाऱ्यांना तो कोलकात्याच्या एटीकेमुळे आठवत असेल. २०१७-१८ च्या सीझनमध्ये तो तिकडे खेळला, आणि शेवटी शेवटी कोचही झाला. पण तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. खरी गोष्ट त्याच्या आधीची आहे.

डब्लिनचा हा मुलगा १७ व्या वर्षी इंग्लंडमधल्या वुल्व्ह्जकडून पहिली मॅच खेळला आणि त्यात दोन गोल मारले. २००० साली, जेमतेम २० वर्षांचा असताना, इंटर मिलानने त्याला सुमारे १ कोटी ३० लाख पौंडांना घेतलं. त्याला आणणारे कोच होते मार्चेलो लिप्पी. सीझन सुरू होताच लिप्पींची हकालपट्टी झाली, आणि डिसेंबरपर्यंत कीन लोनवर लीड्सला पोचलाही होता.

मला हे फार जवळचं वाटतं. मला टीममध्ये घेणारा मॅनेजर सोडून गेला, तेव्हा नव्या मॅनेजरच्या प्लॅनमध्ये माझं काम बसतच नव्हतं. काम तेच, मीही तोच. पण तीन महिन्यांत मी 'लो परफॉर्मर' ठरलो होतो.

आता कीनचा खेळ समजून घेऊ. तो बॉक्समध्ये ठाण मांडून बसणारा उंच स्ट्रायकर नव्हता. पुढे कुणीतरी डिफेंडर्सना गुंतवून ठेवायचं आणि याने सुटलेल्या जागेत घुसायचं, अशी त्याची पद्धत. २००२ च्या वर्ल्डकपमधला जर्मनीविरुद्धचा गोल यूट्यूबवर बघा. ९० मिनिटं होऊन गेलेली, आयर्लंड ०-१ ने मागे. लांबून आलेला बॉल उंचापुऱ्या नायल क्विनने डोक्याने पुढे ढकलला, कीन धावत आला आणि ऑलिव्हर कानला चकवून गोल! फायनलपर्यंत जर्मनीवर झालेला हा एकमेव गोल.

टॉटनहॅममध्ये क्विनचं काम बर्बाटोव्ह करायचा. २००७-०८ मध्ये दोघांनी लीगमध्ये प्रत्येकी १५ गोल मारले, लीग कपही जिंकला. मग लिव्हरपूलने जवळपास २ कोटी पौंड मोजून कीनला नेलं. पण तिथे पुढे टोरेस आणि त्याच्या मागच्या जागेत जेरार्ड. म्हणजे कीनची जागा आधीच भरलेली! त्याला कधी डावीकडे, कधी एकट्याला पुढे खेळवलं. सहा महिन्यांत तो टॉटनहॅमला परत. लोकांनी त्याला 'फ्लॉप' म्हणून टाकलं.

पण याच माणसाने पुढे अमेरिकेत एलए गॅलक्सीला २०११, २०१२ आणि २०१४ असे तीन एमएलएस कप जिंकून दिले. २०१४ च्या फायनलमध्ये एक्स्ट्रा टाइममधला विजयी गोल त्याचाच. आणि आयर्लंडसाठी? १९९८ ते २०१६, १४६ मॅच, ६८ गोल. पुरुषांच्या टीममध्ये दोन्ही रेकॉर्ड त्याचेच. क्लब बदलत गेले, देशाच्या टीमने मात्र १८ वर्षं त्याच्या खेळाला साजेशी जागा दिली.

म्हणून एखाद्या प्लेअरला फ्लॉप म्हणण्याआधी एकदा विचारा, तो खेळत कुठे होता आणि शेजारी कोण होतं? अप्रेझलचा मेल आला, की हाच प्रश्न स्वतःबद्दलही विचारा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!