पेलाग्रा : नाव कातडीचे, दोष ताटाचा

'पेलाग्रा' हा रोगाचा शब्द इटलीतला. 'पेले' म्हणजे कातडी, 'आग्रा' म्हणजे खरखरीत. उत्तर इटलीत निव्वळ मक्यावर जगणाऱ्या गरीब शेतमजुरांची उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडून खरखरीत होई. त्यावरून फ्रापोल्ली या डॉक्टरने १७७१ मध्ये हे नाव छापले. रोग वाढला की जुलाब लागतात, बुद्धिभ्रम होतो. नायसिन या जीवनसत्त्वाची उणीव हे त्याचे मूळ १९३७ मध्ये उलगडले.

१९६० च्या सुमारास हैदराबादच्या संशोधकांनी ज्वारीवर भिस्त असलेल्या दख्खनच्या गरिबांतही हा रोग नोंदवला. औंध, खटाव, आटपाडी हा आपला टापूही ज्वारीचाच. म्हणून ज्वारी सोडू नका, ती पौष्टिकच आहे; मात्र नुसत्या भाकरी-मिरचीवर भागवू नका. सोबत तुरीची आमटी, मटकी किंवा हुलगा, मूठभर शेंगदाणे आणि दूध-ताक असावे. मान, हात, पाय यांवर दोन्ही बाजूंना सारखे काळे, खरखरीत चट्टे दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. आणि सुगीत सगळे कडधान्य बाजारात नेऊ नका. वर्षाची बेगमी आधी घरात ठेवा.