बंब आपल्या वाडीत पोचेल का?



आज रात्री तुमच्या वाडीत आग लागली, तर बंब कुठपर्यंत येईल? घराच्या दारात, की चिऱ्याच्या दोन गडग्यांमधल्या पाणंदीच्या तोंडाशी? हे बंबाच्या चालकाला ठाऊक नसतं. ते ठाऊक असतं आपल्याला.

ग्रामपंचायतीकडे सहसा स्वतःचा बंब नसतो. तो शहरातून, बाहेरून येतो. रुग्णवाहिकाही तशीच. येणाऱ्या माणसांनी आपलं गाव दिवसासुद्धा पाहिलेलं नसतं, मग अंधारात वाट शोधण्यात मोलाची मिनिटं जातात. म्हणून काही देशांत अग्निशमन दलं स्थानिक लोकांचे सल्लागार गट नेमतात. हे लोक आग विझवायला जात नाहीत. आपल्या भागात धोका कुठे आहे आणि कुणाला आधी मदत लागेल, एवढं ते दलाला आधीच सांगून ठेवतात.

आपल्याकडेही हे झालेलं आहे. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. त्यानंतर लातूर-उस्मानाबादच्या गावांत घरं दुरुस्त करायची होती. तेव्हा स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावी महिला ‘संवाद सहायक’ झाल्या. सरकारी योजना आणि बांधकामाची माहिती त्या घरोघरी समजावून सांगत, आणि लोकांच्या अडचणी अभियंत्यांपर्यंत नेत. त्यातल्या बहुतेक जणी तुमच्या-आमच्यासारख्याच साध्या गृहिणी होत्या.

कायदाही आपल्या बाजूने आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे प्रत्येक जिल्ह्याचा आराखडा असतो. तो स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून बनवायचा असतो आणि दरवर्षी तपासायचा असतो. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, सहअध्यक्ष जिल्हा परिषदेचे अध्यक्ष. ग्रामपंचायत ही स्थानिक संस्थाच. म्हणजे आपल्या गावाची माहिती वर जायला वाट आहे, पण ती माहिती आपण दिली पाहिजे.

काय सांगायचं? पुढच्या बैठकीत एका मोठ्या कागदावर आपली वाडी काढा आणि हे भरा:

१. रस्ता. मोठी गाडी कुठपर्यंत जाते? कुठला साकव अरुंद आहे? पावसात कुठला व्हाळ वाट अडवतो?

२. माणसं. एकटी राहणारी म्हातारी माणसं, अंथरुणाला खिळलेले, अपंग, दिवस भरत आलेल्या बायका. आंब्याच्या हंगामात बागेत खोपटी करून राहणारे नेपाळी कामगार विसरू नका. ते सहसा कुठल्याच यादीत नसतात.

३. आगीच्या जागा. आढीचा पेंढा, पेट्या आणि खोके भरलेल्या पडव्या, सुकलेल्या गवताचा सडा, भाजावळीची शेतं, किनाऱ्यावरच्या जाळ्यांच्या खोपी.

४. पाणी. मे महिन्यातही पाणी असणाऱ्या विहिरी, आणि त्यांच्याजवळ गाडी जाते का.

५. निवारा. वादळात कुठे जायचं? तिथे बायकांसाठी संडास, दिवा, पाणी आहे का?

तौक्ते वादळ आठवा. १६ मे २०२१ ला ते आपल्या किनाऱ्याजवळून गेलं. झाडं पडली, वीज गेली, फोन बंद झाले. अशा वेळी यादी फक्त मोबाइलमध्ये असून उपयोग नाही. एक कागदी प्रत गटाच्या दप्तरात, एक ग्रामपंचायतीत हवी.

कुणकेश्वरात महाशिवरात्रीच्या यात्रेचा वेगळा विचार हवा. गर्दी प्रचंड, एका बाजूला समुद्र. आपल्याच गटांचे खाण्याचे स्टॉल लागतात, शेगडी आणि सिलिंडर घेऊन. सिलिंडर कुठे ठेवायचे, दोन स्टॉलमध्ये किती जागा सोडायची, रुग्णवाहिकेची वाट मोकळी कशी राहील, हे यात्रेच्या नियोजनाच्या बैठकीत आपण विचारायला हवं. त्यात नुकसान झालं तर ते आधी आपलंच.

हे मांडायचं कुठे? ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा होते. तिथे विषय घ्या, ठराव करा, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडून नोंद करून घ्या. ग्रामसंघातून दोघीतिघी निवडा. पावसाळ्याआधी त्यांनी तहसील कार्यालयात कागद द्यावा आणि पोच घ्यावी. ‘आपदा मित्र’ प्रशिक्षणात आपल्या महिलांना जागा मिळेल का, तेही तिथेच विचारा. एक जपा: आजारपणाची माहिती घरच्यांना विचारूनच लिहा. एकटी बाई कुठे राहते, ही यादी भिंतीवर लावू नका.

हे क्रमांक चुलीजवळ लिहून ठेवा: कोणत्याही संकटात ११२, रुग्णवाहिका १०८, अग्निशमन १०१, जिल्हा आपत्ती कक्ष १०७७, गॅसगळती १९०६, समुद्रातल्या संकटासाठी तटरक्षक दल १५५४. फोन केल्यावर गाव, वाडी आणि जवळची ठळक खूण सांगा, आणि कुणालातरी बॅटरी घेऊन फाट्यावर उभं करा.

आपण महिन्याला थोडे थोडे पैसे साठवतो ते अडीअडचणीसाठीच. ही माहितीही तशीच साठवायची. पुढच्या बैठकीत वसुली झाली की कागद पसरा. ‘गाडी खंयपर्यंत येता?’ या एका प्रश्नापासून सुरुवात करा.