शिक्षेपूर्वींचे दोन शब्द

घरांतील मुलाच्या हातून अपराध घडला, तरी सुज्ञ कर्ता पुरुष त्यास समोर बोलावून त्याचें म्हणणें ऐकतो आणि मगच शासन करतो. जें घरास शोभतें, तें न्यायमंदिरास अधिकच शोभतें.

२२ जुलै १९०८ रोजीं मुंबईच्या हायकोर्टांत ज्यूरीनें सात विरुद्ध दोन मतांनीं लोकमान्य टिळकांस दोषी ठरविलें. शिक्षेपूर्वीं कांहीं सांगावयाचें आहे काय, असें न्या. दावर यांनीं त्यांस विचारलें. सहा वर्षांची हद्दपारी टळली नाहीं. परंतु त्या वेळचे त्यांचे शब्द आज त्याच इमारतींत शिलेवर कोरलेले आहेत.

वय, आजार, पदरचीं माणसें, पश्चात्ताप यांचा विचार गुन्हा शाबीत करतांना होत नाहीं. तो शिक्षा ठरवितांनाच व्हावयाचा. म्हणून १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनें गंभीर खटल्यांत शिक्षेविषयीं आरोपीचें म्हणणें ऐकणें आवश्यक केलें. पंजाबांतील एका आरोपीस तसें न ऐकतांच फांशी सुनावली होती. १९७६ सालीं सुप्रीम कोर्टानें ती रद्द करून, त्याचें म्हणणें ऐकण्यासाठीं प्रकरण परत पाठविलें.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनेंही हा हक्क राखला आहे. मात्र कोठडींतील आरोपीस निकाल ऐकण्यास आतां दृक्श्राव्य साधनानेंही हजर करतां येतें. यानें वेळ व खर्च वांचेल. तथापि ज्याच्या आयुष्याचा निवाडा व्हावयाचा, त्याची मुद्रा न्यायाधीशानें समक्ष पाहावी, हेंच आम्हांस इष्ट वाटतें.