रुग्ण उतरल्यानंतर : रुग्णवाहिकेतील साधनसामग्रीची पुनर्सज्जता (ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात)

रुग्णवाहिका किती वेळात पोहोचली याची चर्चा सर्वत्र होते. परंतु रुग्ण रुग्णालयाच्या स्वाधीन केल्यानंतर वाहनातील साधनांचे काय होते, या प्रश्नाकडे फारसे लक्ष जात नाही. पुढील रुग्णाची सुरक्षितता मात्र याच टप्प्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचा परिचय करून देण्याचा प्रयत्न केला आहे.

महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन वैद्यकीय सेवा २०१४ मध्ये ९३७ रुग्णवाहिकांसह सुरू झाली. त्यांपैकी २३३ प्रगत, तर ७०४ प्राथमिक जीवरक्षण प्रणालीच्या होत्या. वाहनात डॉक्टर असणे हे या सेवेचे वैशिष्ट्य होय. फेरीनंतरची स्वच्छता आणि साठ्याची मोजणी मात्र डॉक्टर व चालक या दोघांच्याच पथकावर येऊन पडते.

साधनांचे निर्जंतुकीकरण कोणत्या पातळीवर करावे, याचा मूलाधार अर्ल स्पॉल्डिंग यांनी १९६८ मध्ये मांडलेले वर्गीकरण हा आहे. केवळ त्वचेला लागणारी साधने, उदाहरणार्थ रक्तदाबमापकाचा पट्टा किंवा स्ट्रेचर, स्वच्छ करून साध्या जंतुनाशकाने पुसली तरी चालते. श्वासमार्गात जाणाऱ्या लॅरिंगोस्कोपच्या पात्याला उच्च पातळीचे निर्जंतुकीकरण लागते. शरीराच्या निर्जंतुक भागात शिरणारी सुई तर एकदाच वापरून टाकून द्यायची.

रक्त सांडलेल्या पृष्ठभागासाठी सोडियम हायपोक्लोराइटचे द्रावण वापरतात. येथे क्रम महत्त्वाचा आहे. रक्ताचा थर तसाच राहिला तर क्लोरीन त्यातच खर्ची पडतो. म्हणून रक्त प्रथम टिपून घ्यावे, नंतर द्रावण लावून काही मिनिटे थांबावे. ते उष्णतेने व उन्हाने निष्प्रभ होत जाते, धातूला गंज चढवते; त्यामुळे ते ताजे बनवावे लागते आणि मॉनिटरसारख्या यंत्रांना लावता येत नाही. सर्वांत उपेक्षित वस्तू म्हणजे स्ट्रेचरचे कापडी पट्टे. कावीळ ‘ब’चा विषाणू सुकलेल्या रक्तात किमान सात दिवस टिकतो, आणि पट्ट्याच्या विणीत मुरलेले रक्त वरवर पुसून जात नाही.

डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीमुळे या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. २६ मे २०१६ आणि २३ मे २०२४ या दोन्ही दिवशीच्या स्फोटांत परिसरातील इमारतींच्या काचा फुटल्या. अशा प्रसंगी काचेचे कण गादीच्या शिवणीत अडकू शकतात. फडक्याने पुसणाऱ्याचाच हात कापतो. शिवाय रुग्णाच्या कपड्यांवरील आम्ल स्ट्रेचरवर उतरले असेल आणि त्यावर हायपोक्लोराइट पडले, तर बंद वाहनात विषारी क्लोरीन वायू तयार होतो. तेथे आधी भरपूर पाणी, जंतुनाशक नंतर.

कचऱ्याची विभागणी जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार होते : रक्ताने भिजलेले कापूस-पट्ट्या पिवळ्या पिशवीत, सलाइनच्या नळ्या व हातमोजे लाल पिशवीत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यात, काचेच्या कुप्या निळ्या खोक्यात. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा अधिक काळ साठवता येत नाही.

साधन परत मिळणे हाही एक प्रश्नच आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ लोकलमधून प्रवासी पडले, तेव्हा जखमींना कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेण्यात आले. एकाच वेळी अनेक जखमी येतात तेव्हा खाट मोकळी होईपर्यंत रुग्ण रुग्णवाहिकेच्या स्ट्रेचरवरच राहू शकतो. मणक्याच्या दुखापतीची शंका असल्यास आधाराची फळीही काही काळ त्याच्याखालीच राहू शकते. तोपर्यंत ते वाहन रस्त्यावर असूनही सेवेत नसते. जादा फळ्या रुग्णालयातच ठेवून अदलाबदल करणे, हा प्रस्तुत लेखकाच्या मते त्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय आहे.

उरतो प्राणवायू. ‘बी’ प्रकारच्या सिलिंडरमध्ये सुमारे १५०० लिटर वायू मावतो. मिनिटाला १० लिटर या गतीने तो अडीच तास पुरतो. अर्धा रिकामा सिलिंडर घेऊन निघालेले वाहन कल्याण-शीळ मार्गावरील कोंडीत अडकले, तर हातात सव्वा तासच असतो. म्हणून दाबमापकावरील आकडा प्रत्येक फेरीनंतर नोंदवहीत उतरवणे आवश्यक ठरते.